उन्हाचे दप्तर

मुंबईचे चेंबूर उत्तर अक्षांश १९ अंशांच्या आसपास वसले आहे. कर्कवृत्ताच्या अलीकडील सर्व गावांप्रमाणे या उपनगराच्याही माथ्यावर सूर्य वर्षातून दोन वेळा अगदी सरळ येतो, मेच्या मध्यास एकदा आणि जुलैच्या अखेरीस दुसऱ्यांदा. वर्तमानपत्रे त्यास ‘शून्य सावलीचा दिवस’ म्हणतात, आणि त्या दिवशी साडेबाराच्या पुढेमागे चेंबूर नाक्यावर उभ्या असलेल्या वाहतूक हवालदाराची सावली त्याच्या बुटांबाहेर पडत नाही. जुलैतील दिवस बहुधा ढगाआड निघून जातो, जरी विरळ ढगांतून अतिनील किरणांचा फार मोठा भाग खाली झिरपत असतो. मेमधील दिवशी मात्र सूर्य आणि कातडी यांच्यामध्ये हवेखेरीज दुसरा मध्यस्थ उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या माहितीसाठी जो अतिनील निर्देशांक रूढ केला त्याची शेवटची पायरी ‘११ आणि त्यापुढे’ अशी आहे, आणि मुंबईची निरभ्र मे महिन्यातील दुपार त्या पायरीपर्यंत सहज चढते. ट्रॉम्बे-माहुलच्या कारखान्यांचा धूर आणि धुरके या किरणांपैकी काही वाटेतच अडवितात, हे खरे. परंतु ज्या हवेमुळे फुप्फुसांची कैफियत वाढते तिच्याकडून कातडीने उपकार घ्यावेत, असे कोणी शहाणा म्हणणार नाही.

घरात बसून लिहिणाऱ्यास ही चर्चा शोभते. ज्यांच्यासाठी ती करावयाची ते लोक उन्हात आहेत. हवालदार आहे, माहुलच्या कोळीवाड्यात दोरीवर बोंबील वाळत घालणारी कोळीण आहे, देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरावर भंगार वेचणाऱ्या बायका आहेत, आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या फाटकाबाहेर आपला नंबर लागण्याची वाट पाहणारे टँकरचालक आहेत. या सर्वांच्या कातडीत उन्हाची नोंद रोजच्या रोज होत असते, आणि ती नोंद चाकू न लावता, केवळ प्रकाशाच्या साहाय्याने वाचण्याचे जे शास्त्र गेल्या तीन-चार दशकांत उभे राहिले, त्याचा परिचय करून देणे हा या प्रकरणाचा हेतू आहे.

सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात जांभळ्याच्या पलीकडेही काही आहे, हे १८०१ साली योहान विल्हेल्म रिटर या जर्मन संशोधकाने दाखविले. रुप्याच्या क्षाराचा लेप दिलेला कागद वर्णपटाच्या निरनिराळ्या भागांत धरला असता तो सर्वांत लवकर काळवंडला तो जांभळ्या पट्ट्याच्या बाहेर, जेथे डोळ्यास काहीच दिसत नव्हते. या जंबुपार अथवा अतिनील किरणांचे आज तीन वर्ग मानतात. ३१५ ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचा ‘ए’, २८० ते ३१५ चा ‘बी’, आणि त्याहून आखूड तरंगांचा ‘सी’. ‘सी’चा बंदोबस्त वातावरणातील ओझोन आणि प्राणवायू वरच्यावर करतात; ‘बी’चा बराचसा भाग ओझोन शोषून घेतो, पण उरलेला थोडका अंश भाजण्यास पुरेसा असतो; आणि ‘ए’ जवळजवळ जसाच्या तसा खाली येतो, साध्या काचेतूनही आत शिरतो, आणि बाह्यत्वचा ओलांडून खालच्या अंतस्त्वचेपर्यंत पोचतो. चेंबूर-गोवंडीच्या गाळ्यांत काम करणाऱ्या वेल्डरची गोष्ट निराळी. त्याच्या ठिणगीतून तिन्ही वर्गांचे किरण निघतात, आणि आकाशातल्या ओझोनचा त्याला काही उपयोग नसतो.

कातडीत घडते ते असे. बाह्यत्वचेची जाडी बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या दशांशाएवढी. तिच्या तळाच्या थरात नव्या पेशी जन्म घेतात, आणि त्याच थरात रंगपेशी मेलॅनिन हे रंजकद्रव्य तयार करून शेजारच्या पेशींना वाटत असतात; त्या पेशी मिळालेले मेलॅनिन आपल्या केंद्रकाच्या वरच्या अंगास, ज्या बाजूने ऊन येते त्याच बाजूस, गोळा करून ठेवतात. तरीही ‘बी’ किरणांचा जो वाटा केंद्रकापर्यंत पोचतो तो जनुकीय धाग्यावरील शेजारशेजारच्या दोन घटकांना एकमेकांशी चुकीच्या जागी जखडून टाकतो. पेशींजवळ दुरुस्तीची यंत्रणा असते, आणि ती बहुतेक चुका निस्तरते. ज्या राहून जातात त्या वर्षानुवर्षे साठत जातात. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली असे दाखविले की ही मोडतोड ऊन संपल्याबरोबर थांबत नाही. मेलॅनिनमध्ये साठविलेली ऊर्जा पुढे तीन तासांहून अधिक काळ, अंधारातसुद्धा, तसेच नवे जखडलेले जोड निर्माण करीत राहते. ज्या द्रव्याला आपण निव्वळ रक्षक समजत होतो त्याच्या चारित्र्यावर यामुळे थोडा डाग पडला. तथापि जमाखर्च मांडला तर त्याचे रक्षण त्याच्या अपराधाहून पुष्कळ मोठे आहे.

उन्हाने येणारी लाली साधारण बारा ते चोवीस तासांनी शिगेस पोचते, म्हणजे डोळ्यास खूण दिसते तेव्हा घटना घडून गेलेली असते. सावळ्या कातडीवर ती लाली दिसतही नाही. आपल्याकडे कोणी ‘माझी कातडी लाल झाली’ अशी तक्रार करीत नाही. माणूस उन्हाने ‘रापतो’, एवढेच आपण म्हणतो, आणि रापणे हे काही दुखणे नव्हे अशी आपली समजूत असते. गालावर वांग उठले, मानेवर खरखरीत सुरकुत्या पडल्या, की ती वयाची अथवा बाळंतपणाची खूण म्हणून स्वीकारली जाते. कातडीचा कर्करोग आपल्या लोकांत विरळ असल्यामुळे या समजुतीला कोणी जाबही विचारत नाही.

कातडीचे वर्गीकरण करणारी जी पट्टी आज जगभर वापरतात तिची जन्मकथा या संदर्भात सांगण्यासारखी आहे. आपल्या वैद्यकात कोडावर बावचीचा उपयोग फार जुना. बावची लावावी अथवा पोटात द्यावी आणि रोग्यास उन्हात बसवावे, असा तो उपचार. बावचीत सोरालेन नावाचे द्रव्य असते, आणि ते कातडीला अतिनील किरणांविषयी हळवी करते. याच गोत्रातील औषध आणि ‘ए’ किरणांचा दिवा यांची जोड घालून हार्वर्डच्या डॉक्टरांनी १९७४ च्या सुमारास सोरायसिसवर उपचार सुरू केला. तेव्हा किरणांची मात्रा कोणास किती द्यावी हा प्रश्न उभा राहिला, आणि तो सोडविण्यासाठी टॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली कातडीचे प्रकार ठरविले. ही प्रथम पट्टी गोऱ्या लोकांपुरती होती. उन्हात आधी भाजता की आधी रापता, एवढे विचारून त्यांची विभागणी केलेली. गव्हाळ, सावळी आणि काळी कातडी पुढे पाचव्या आणि सहाव्या क्रमांकावर जोडण्यात आली, म्हणजे पृथ्वीवरील माणसांचा फार मोठा भाग परिशिष्टात गेला. नंतर निघालेल्या पुष्कळशा प्रकाशयंत्रांनी हाच शिरस्ता पुढे चालविला; त्यांचे प्रमाण गोऱ्या कातडीवर ठरले, आणि आपल्याला ते तसेच्या तसे लागू करण्यात आले.

यंत्रांपैकी सर्वांत जुने आणि सर्वांत स्वस्त म्हणजे वुडचा दिवा. रॉबर्ट वुड या अमेरिकन पदार्थवैज्ञानिकाने १९०३ साली अशी काळी काच शोधून काढली की जिच्यातून दृश्य प्रकाश अडतो आणि सुमारे ३६५ नॅनोमीटरचे अतिनील किरण तेवढे पार होतात. अंधाऱ्या खोलीत हा दिवा चेहऱ्यावर धरला असता जेथे बाह्यत्वचेत मेलॅनिन अधिक आहे तेथे किरण शोषले जातात आणि तो भाग काळाभोर दिसतो; साध्या प्रकाशात नितळ भासणाऱ्या गालावर उन्हाचे डाग जागोजाग उमटतात. अतिनील कॅमेऱ्याने काढलेल्या छायाचित्राचेही तत्त्व हेच. त्या कॅमेऱ्यासमोर ऊनरोधक मलम लावले तर पांढरे मलम काळे दिसते, कारण ते किरण गिळते, आणि कानाची पाळ, नाकपुडीची कड, डोळ्याखालची जागा अशी जी ठिकाणे बोटातून निसटली ती उजळ राहून चुगली करतात.

या दिव्याखाली बसण्यापूर्वी चेहरा धुणे अगत्याचे असते, आणि आपल्याकडे तर विशेषच. हळदीतील कर्क्युमिन अतिनील किरणांत पिवळ्या-हिरव्या तेजाने चमकते. हळदी समारंभाहून परतलेली मुलगी वांग दाखविण्यास आली तर डॉक्टरांना आधी लग्नघर दिसते आणि रोग मागाहून. त्याहून गंभीर अडचण अशी की वांगाचे मेलॅनिन वरच्या थरात आहे की खालच्या, हे या दिव्याने ठरवितात खरे, परंतु कातडी मुळात सावळी असेल तर भोवतालचा भागही तितकाच काळा पडतो आणि फरक मावळतो. १९८१ साली वांगाचे जे वर्गीकरण अमेरिकेत प्रसिद्ध झाले त्यात अशा रोग्यांसाठी ‘दिव्याखाली न दिसणारे’ असा एक स्वतंत्र खण ठेवावा लागला. वैद्यकीय प्रामाणिकपणाचा हा नमुना मला आवडतो. पण खण ठेवल्याने रोग्याच्या हाती काही पडत नाही.

ध्रुवित प्रकाशाची युक्ती याहून थोडी पुढची. कातडीवर पडलेल्या प्रकाशाचा चार-पाच टक्के भाग पृष्ठावरूनच परततो, आणि तीच ती घामट चकाकी जिच्यामुळे खालचे काही दिसत नाही. दिव्यासमोर एक आणि भिंगासमोर त्याच्याशी काटकोनात दुसरी ध्रुवक पट्टी लावली की पृष्ठावरून आलेला प्रकाश अडतो, आणि आत शिरून, तेथे विखुरला जाऊन परतलेला तेवढा कॅमेऱ्यात येतो. रक्तातील हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश विशेष शोषते, म्हणून हिरव्या आणि तांबड्या प्रकाशातील परतावा ताडून पाहिला असता जी लाली डोळ्यास दिसली नाही तिचे मोजमाप करता येते. येथेही मेलॅनिन मध्ये येते, आणि त्याची वजावट गणिताने करावी लागते.

आतापर्यंतच्या सर्व हकिकतीत मेलॅनिन हे अडथळ्याच्या भूमिकेत आहे. तो डाव उलटला तो १९९५ साली, बॉस्टनमधील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या वेलमन प्रयोगशाळेत. संशोधन-निबंधावरील पहिले नाव मिलिंद राजाध्यक्ष असे होते, आणि हे आडनाव मुंबईकर वाचकास परके नाही. राजाध्यक्ष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत माणसाची कातडी, ती कापल्यावाचून, पेशीपेशींनिशी पाहता येईल असा लेसर सूक्ष्मदर्शक तयार केला, आणि त्या निबंधाच्या शीर्षकातच आपला मुख्य निष्कर्ष मांडला. मानवी कातडीच्या या चित्रांत सर्वांत ठळक भेद दाखवून देतो तो मेलॅनिनच.

या सूक्ष्मदर्शकाची मूळ कल्पना मार्व्हिन मिन्स्की यांची, १९५७ सालची. कातडीसारख्या दाट पदार्थात प्रकाश सर्व दिशांना विखुरतो, म्हणून साध्या सूक्ष्मदर्शकात सर्व थर एकमेकांत मिसळून जातात. मिन्स्कींनी प्रकाश एका बिंदूवर एकवटला, आणि परतणाऱ्या प्रकाशाच्या वाटेवर सुईच्या टोकाहून बारीक छिद्र ठेवले. ज्या खोलीवर बिंदू एकवटला आहे तेथूनच आलेला प्रकाश छिद्रातून पार होतो, इतर थरांतून आलेला छिद्राच्या कडांवर आपटून वाया जातो. हा बिंदू ओळीने फिरविला की एका विवक्षित खोलीचे पातळ, आडवे चित्र मिळते. कातडीसाठी जवळच्या अवरक्त भागातील लेसर वापरतात, आज बहुधा ८३० नॅनोमीटरचा, कारण तरंगलांबी वाढते तसतसे मेलॅनिनचे शोषण कमी होत जाते. शोषण कमी झाले तरी विखुरण्याचा गुण राहतो. मेलॅनिनचा अपवर्तनांक सुमारे १.७ आणि भोवतालच्या पेशीद्रव्याचा सुमारे १.३५, आणि या तफावतीमुळे मेलॅनिनचे कण प्रकाश जोराने मागे फेकतात. ज्या द्रव्याने अतिनील चित्र काळे होते त्याच द्रव्याने अवरक्त चित्र उजळते. आमच्या सावळेपणाची यंत्राने आपण होऊन केलेली ही पहिली कदर, असे मला वाटते.

प्रत्यक्ष तपासणी पाहण्यासारखी असते. हात टेबलावर ठेवतात, कातडीवर धातूचे एक कडे चिकटवितात म्हणजे हात हलला तरी चित्र हलत नाही, आणि भिंग व कातडी यांच्यामध्ये पारदर्शक जेलचा थेंब सोडतात. दंडाची आतील बाजू, जेथे ऊन सहसा पोचत नाही, आधी पाहावी. पडद्यावर प्रथम शिंगट थराचे चकचकीत, घड्यांचे पृष्ठ येते. बिंदू खाली उतरविला की मधमाश्यांच्या पोळ्यासारखी रचना दिसू लागते. उजळ भिंती आणि प्रत्येक घरात एक काळसर केंद्रक, घरे जवळजवळ सारख्या मापाची. आणखी खाली, मिलिमीटरच्या दशांशाच्या आसपास, काळ्या वर्तुळांभोवती तेजस्वी कडी उगवतात. ही तळाच्या थरातील मेलॅनिनयुक्त पेशींची रांग, आणि काळ्या वर्तुळात क्षणाक्षणाला सरकणारे ठिपके म्हणजे केशवाहिनीतून जाणाऱ्या रक्तपेशी. गोऱ्या माणसात ही कडी फिकट असतात, सावळ्या माणसात झगझगीत. मग तोच बिंदू मनगटाच्या मागील बाजूस, जेथे वीस वर्षे ऊन पडले आहे, उतरवावा. पोळ्याची घरे लहानमोठी होतात, भिंती कोठे पुसट तर कोठे जाड. कडी तुटक आणि वेडीवाकडी होतात अथवा सपाट होऊन नाहीशी होतात, आणि त्यांखाली कोलॅजेनचे जे बारीक तंतू जाळे करून असावयाचे ते आखूड, जाडे, गठ्ठ्याने पडलेले आढळतात. अलीकडेच, एक-दोन दिवसांपूर्वी, कडक ऊन लागले असेल तर पेशींमधील अंतर सुजेने वाढलेले आणि रक्तवाहिन्या फुगलेल्या दिसतात, आणि मरणपंथास लागलेल्या काही पेशी चकाकून उठतात.

या यंत्राची दृष्टी मिलिमीटरच्या चतुर्थांशाच्या आसपास संपते. त्याखाली जावयाचे तर प्रकाशीय सुसंगती छेदचित्रण आहे; १९९१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेले हे तंत्र नेत्रवैद्यांकडे दृष्टिपटल तपासताना ‘ओसीटी’ या नावाने पुष्कळांनी पाहिले असेल. ते कातडीत मिलिमीटरभर अथवा थोडे अधिक खोल जाते, मात्र सुट्या पेशी दाखवीत नाही. द्विप्रकाशकण सूक्ष्मदर्शक म्हणून तिसरे एक महागडे यंत्र आहे, ज्यात कोलॅजेन आणि इलॅस्टिन हे दोन तंतू निरनिराळ्या संकेतांनी ओळखता येतात. उन्हाने कोलॅजेन घटते आणि विकृत इलॅस्टिन साचते, तेव्हा या दोहोंचे गुणोत्तर हेच उन्हाच्या वयाचे माप होऊ शकते.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण विक्रेते ती सांगत नाहीत. यांपैकी कोणतेही चित्र जनुकातील जखडलेला जोड दाखवीत नाही. तो पाहावयाचा तर अजून कातडीचा तुकडा काढून, प्रतिपिंडाचा रंग देऊनच पाहावा लागतो. प्रकाशचित्रे परिणाम दाखवितात, कारण नव्हे. म्हणून सौंदर्योपचाराच्या दुकानात अतिनील छायाचित्र दाखवून ‘ही पाहा तुमच्या डीएनएची हानी’ असे जे सांगितले जाते ती निव्वळ बतावणी होय. त्या चित्रात दिसते ते मेलॅनिनचे विषम वाटप, आणि तेवढेच.

रेणूंच्या अधिक जवळ जाणारा एक मार्ग चेंबूरहून फार दूर नाही. १९२८ च्या फेब्रुवारीत कलकत्त्यास चंद्रशेखर वेंकट रामन यांनी जो परिणाम शोधला त्याचा उपयोग खाडीपलीकडे खारघरला, टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेक संस्थेत, तोंडाच्या कर्करोगाच्या तपासासाठी केला गेला आहे. लेसरचा किरण गालाच्या आतील अस्तरावर सोडावयाचा, विखुरलेल्या प्रकाशातील सूक्ष्म बदलांवरून प्रथिने, मेद आणि जनुकद्रव्य यांची जबानी घ्यावयाची, आणि तंबाखूने बिघडलेली जागा डोळ्यास दिसण्यापूर्वी ओळखावयाची, असा तो प्रयत्न. कातडीऐवजी तोंड निवडले यात नवल नाही. आपल्या देशात कातडीच्या कर्करोगाहून पुष्कळ अधिक माणसे तोंडाच्या कर्करोगाने मरतात, आणि संशोधनाचा पैसा तेथे जावा हेच रास्त.

तरीही कातडीचा प्रश्न वाऱ्यावर सोडता येत नाही, आणि तो का, हे मुंबईकरास महासाथीने शिकविले आहे. २०२० आणि २०२१ साली घरोघर बोटास चिमटा लावून प्राणवायूची पातळी पाहण्यात आली. तांबडा आणि अवरक्त अशा दोन प्रकाशांचा बोटातून पार झालेला भाग ताडणारे ते लहानसे प्रकाशयंत्रच होते, आणि २०२० च्या डिसेंबरात अमेरिकेतील डॉक्टरांनी प्रसिद्ध केले की काळ्या रोग्यांत ते प्रत्यक्षाहून अधिक आकडा दाखवून धोका झाकण्याची चूक गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा करते. ज्या यंत्राचे प्रमाण एका वर्णावर ठरले त्याला दुसऱ्या वर्णाची खातरजमा केल्यावाचून साक्षीस उभे करू नये. छायाचित्रावरून रोग ओळखणाऱ्या ज्या संगणकीय पद्धती आता येत आहेत त्यांनाही हेच लागू. त्यांना शिकविलेली चित्रे बहुतांशी गोऱ्या कातडीची आहेत.

यातून सुटण्याची एक साधी वाट आहे, ती अशी की माणसाची तुलना त्याच्याशीच करावी. २०१२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका ६९ वर्षांच्या अमेरिकन ट्रकचालकाचे छायाचित्र छापले गेले. २८ वर्षे त्याने मालाची गाडी हाकली होती. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो, सबब खिडकीच्या काचेतून येणारे ‘ए’ किरण त्याच्या चेहऱ्याच्या डाव्या अंगावर पडत राहिले, आणि ते अंग जाड, चरबरीत, खोल सुरकुत्यांचे झाले, तर उजवे अंग वयास शोभेल इतपतच म्हातारे राहिले. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. माहुलच्या फाटकाबाहेर खिडकीच्या कडेवर कोपर टेकून बसलेल्या टँकरचालकाचा उजवा हात आणि डावा हात एकाच रंगाचे, एकाच वयाचे, एकाच आहारावर वाढलेले, फरक उन्हाचा. त्या दोन हातांवरील कडी मोजली, पोळ्याची घरे मोजली, कोलॅजेनचे गठ्ठे मोजले, तर फिट्झपॅट्रिक यांच्या पट्टीची गरज उरत नाही. चालकास विचारावयाचे प्रश्न थोडे आहेत. किती वर्षे गाडी हाकली, काच वर असते की खाली, बाही दुमडता की पुरी ठेवता, आणि सुट्टीत गावी गेल्यावर शेतात राबता काय, कारण शेतातले ऊन दोन्ही हातांस सारखे लागते आणि हिशेब बिघडविते. वर सांगितलेल्या लेसर सूक्ष्मदर्शकाची हातात धरण्याजोगी आवृत्ती आता मिळते. एका हाताच्या चित्रांस काही मिनिटे पुरतात, आणि टँकरच्या रांगेत वेळेची ददात नसते.